उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून मोटारीच्या पडद्यापर्यंत

इंदूरहून बडोद्याकडे निघालेल्या मोटारीत चालकाच्या समोर एक लहानसा पडदा असतो. त्यावर नकाशा सरकत असतो, पुढचे वळण आधीच सांगितले जाते, उरलेल्या अंतराचा आकडा कमी कमी होत जातो. या मार्गदर्शक यंत्रात थोडे खोल शिरले, काही यंत्रांत तर गाडीच्या चिन्हावर नुसते बोट ठेवले, की आणखी दोन संख्या दिसतात. एक अक्षांश आणि दुसरी रेखांश. बहुतेक प्रवासी त्यांच्याकडे पाहतही नाहीत. रस्त्याचे नाव आणि गावाचे नाव कळल्यावर अंश-कला-विकलांची गरज कोणाला? तथापि यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर रस्ता, गाव, वळण या सर्व मागाहूनच्या गोष्टी होत. त्याला प्रथम सापडते ते स्थान, आणि ते स्थान संख्यांतच सापडते. नकाशा त्या संख्यांवर नंतर पांघरलेला असतो.

या दोन संख्या जोडीने लिहिल्या जातात म्हणून त्या जुळ्या बहिणी आहेत, असा समज होतो. वस्तुतः त्यांची कुळे भिन्न आहेत. अक्षांश आकाशाने माणसाला जवळजवळ फुकट दिला. रेखांशासाठी मात्र त्याला काही शतके झगडावे लागले.

अक्षांशाची गोष्ट सोपी. ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जितके अंश दिसतो, जवळजवळ तितकाच त्या ठिकाणाचा अक्षांश. ध्रुव दिसत नसेल तर सूर्य आहेच. आपल्याकडील ज्योतिषी बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट भूमीवर उभा करीत आणि ज्या दिवशी दिवस व रात्र समान असतात त्या दिवशी ऐन मध्यान्ही त्याची सावली मोजीत. या सावलीस पलभा म्हणतात. उज्जयिनीस ती पाच अंगुळांहून किंचित अधिक भरते. जितके उत्तरेस जावे तितकी ती लांबते, लंकेच्या विषुववृत्तावर ती शून्य होते. एक काठी, एक सपाट ओटा आणि वर्षातून दोन दिवस, एवढ्या सामग्रीवर गावाचा अक्षांश निघे. आर्यभटाच्या ग्रंथात उज्जयिनी विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे २२॥ अंशांवर असल्याचा पाठ आहे, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त तेच प्रमाण धरून पृथ्वीचा परीघ काढण्याची रीत सांगितली आहे. आजचे यंत्र उज्जयिनीस सुमारे २३ अंश ११ मिनिटे दाखविते. काठीच्या सावलीवर उभारलेल्या शास्त्रात एवढा फरक क्षम्यच मानला पाहिजे.

रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे आज रात्री उज्जयिनीवर जे आकाश आहे तेच आकाश थोड्या वेळाने बडोद्यावर येते. आकाशाकडे पाहून पूर्व-पश्चिम स्थान कळावे असे त्यात एकही चिन्ह नाही. फरक पडतो तो केवळ वेळेचा. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे. बडोदे उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे अडीच अंश आहे, म्हणून तेथे मध्यान्ह दहा मिनिटे उशिरा होते. हैदराबाद पूर्वेस पावणेतीन अंशांच्या जवळपास, तेथे अकरा मिनिटे आधी. म्हणजे दोन गावांची खरी स्थानिक वेळ एकाच क्षणी कळली तर त्यांतील रेखांशाचे अंतर तत्काळ कळते. अडचण एवढीच की, दूरच्या गावात या क्षणी किती वाजले आहेत हे सांगणार कोण?

भारतीय ज्योतिषाने या प्रश्नाची दोन्ही अंगे ओळखली होती. अंतर मोजावयाचे तर आरंभ कोठून तरी धरला पाहिजे. तो धरला उज्जयिनीपासून. लंका, अवंती, कुरुक्षेत्र यांवरून मेरूपर्यंत जाणारी जी रेषा ‘सूर्यसिद्धान्ता’त वर्णिली आहे तीच मध्यरेषा. तिच्यापासूनच्या पूर्व-पश्चिम अंतरास देशान्तर म्हणत, आणि गावोगावचे पंचांगकर्ते त्याचा संस्कार देऊन तिथी-नक्षत्रे साधीत. अरबी ज्योतिष्यांनी उज्जैनचे नाव घेतले आणि लिपीच्या घोटाळ्यात त्याचे ‘अरीन’ केले. पुढे त्या अपभ्रष्ट नावानेच पृथ्वीचा हा मध्यबिंदू युरोपातील ग्रंथांत जाऊन बसला.

दुसरे अंग वेळेचे. त्यासाठी ‘सूर्यसिद्धान्त’ चंद्रग्रहणाकडे बोट दाखवितो. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो ती घटना जेथून जेथून दिसते तेथे तेथे एकाच क्षणी दिसते. मध्यरेषेवर ग्रहण केव्हा लागेल ते गणिताने काढावे, आपल्या गावी ते केव्हा लागले ते घटिकापात्रावरून पाहावे. गणितापेक्षा उशिरा लागलेले दिसले तर आपले गाव पूर्वेस, आधी दिसले तर पश्चिमेस. कल्पना निर्दोष आहे. व्यवहारात मात्र पृथ्वीच्या छायेची कड पुसट असते, आणि पाण्याच्या घटिकेवर काही मिनिटे इकडची तिकडे होणे अगदी स्वाभाविक. चार मिनिटे चुकली की गाव शंभर किलोमीटर सरकले! दूरच्या गावांची देशान्तरे ढोबळ राहण्याचे मोठे कारण साधनाच्या या मर्यादेत होते, ज्योतिष्यांच्या बुद्धीत खास नव्हते.

जमिनीवरच्या माणसाला ही चूक सोसण्याजोगी होती, कारण गाव काही हलत नाही. समुद्रावर ती प्राणघातक ठरे. पोर्तुगीज नावाडी गोव्याच्या वाटेवर अक्षांश मोजीत येत आणि इच्छित अक्षांशावर पोचले की त्याच रेषेने पूर्वेकडे वा पश्चिमेकडे चालू लागत. किनारा किती दूर आहे हे मात्र अंदाजावर. १५३८ साली लिस्बनहून गोव्यास आलेल्या दों जुआंव द काश्त्रू याने वाटेत होकायंत्राच्या सुईचे ध्रुवापासूनचे विचलन जागोजागी काळजीपूर्वक टिपले. हे विचलन रेखांशाप्रमाणे नियमित बदलते अशी त्या काळी अनेकांची आशा होती. तसे असते तर प्रश्नच मिटला असता. काश्त्रूच्या नोंदींनी ती आशा खोटी ठरविली. पुढे हाच गृहस्थ गोव्याचा गव्हर्नर आणि नंतर व्हाइसरॉय झाला व १५४८ साली तेथेच वारला. राज्यकर्ता म्हणून त्याच्याविषयी काय म्हणावयाचे ते इतिहासकारांनी म्हणावे, परंतु आपल्या काळाची एक लाडकी समजूत खोटी पाडणारी मोजणी करून ती प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा माणूस म्हणून त्याला मान दिलाच पाहिजे.

पुढची कथा सुपरिचित आहे. १७०७ साली सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजे खडकांवर फुटली आणि शेकडो खलाशी बुडाले. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटाने रेखांश अर्ध्या अंशापर्यंत अचूक काढून देणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. विद्वान चंद्राच्या गतीची कोष्टके करीत बसले आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने घड्याळ केले. १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरीत त्याचे चौथे घड्याळ ८१ दिवसांत अवघे पाच सेकंद चुकले. गावची वेळ आता खलाशाच्या खिशात आली.

पाच सेकंद ही काय चीज आहे, हे कळण्यासाठी समुद्र सोडून पुन्हा दख्खनच्या पठारावर यावे लागेल.

१८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटच्या पायथ्याशी पोलादी साखळीने एक सरळ रेषा मोजावयास प्रारंभ केला. तिच्यावर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, अशी त्रिकोणांची माळ उत्तरेकडे वाढत गेली. बाजू एकदाच मोजावयाची, पुढे केवळ कोन. कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली ते तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटून भिंतीवर आदळले. लॅम्बटनने सहा आठवडे तंबूत बसून ते स्वतः दुरुस्त केले. ही माळ ७८ अंश रेखांशाच्या आसपास राहत निजामाच्या मुलखात शिरली. १८१५ साली बीदरजवळ नवी पायारेषा मोजली गेली. १८१९ साली कृष्णा व गोदावरी यांमधील जंगलात तरुण जॉर्ज एव्हरेस्टसह जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी झाली, आणि तीतली काही माणसे परतलीच नाहीत. यंत्रे वाहणारे, झेंडे धरून डोंगरमाथ्यावर उभे राहणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे शेकडो लोक या कामावर होते. नकाशावर त्यांचे नाव कोठेही नाही. अपवाद थोडे, जसे सय्यद मीर मोहसीन हुसेन. कोणतेही औपचारिक शिक्षण नसता या यंत्रकाराने ती नाजूक विलायती यंत्रे उघडून पुन्हा जुळवून दिली, आणि एव्हरेस्टने त्याची मोठी वाखाणणी केली.

लॅम्बटन हैदराबादहून नागपुरास निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. एव्हरेस्टने माळ पुढे नेऊन माळव्याच्या सीमेवर सिरोंज येथे आणली. तेथून जवळच कल्याणपूरची टेकडी आहे. भारताच्या सर्व नकाशांचा मूळ बिंदू म्हणून पुढे जी टेकडी मानली गेली ती हीच. उज्जयिनीपासून ती फार दूर नाही, हा योगायोग खरा, परंतु त्यात काही गूढ शोधण्याचे कारण नाही. देशाचा मध्य शोधीत गेले म्हणजे माणूस याच भागात येतो.

त्रिकोणांनी गावागावांमधील अंतरे कमालीच्या अचूकपणे दिली. परंतु ग्रिनिचपासून हा सगळा सांगाडा किती पूर्वेस आहे हे त्रिकोण सांगू शकत नाहीत. त्यासाठी पुन्हा वेळच हवी. ती मद्रासच्या वेधशाळेने गुरूच्या उपग्रहांची ग्रहणे वगैरे पाहून काढली, आणि मद्रासचा रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद असा धरला गेला. यावरून कल्याणपूर आले, कल्याणपुरावरून पेशावर ते कन्याकुमारी सारा देश आला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तारायंत्रावरून वेळेचे इशारे पाठवून पुन्हा मोजणी झाली तेव्हा आढळले की, मद्रासचा आकडा २ मिनिटे २७ सेकंदांनी अधिक धरला गेला होता. हे मिनिट-सेकंद कोनाचे. घड्याळाच्या भाषेत ते पुरते दहा सेकंदही होत नाहीत. एवढ्या चुकीने हिंदुस्थानचा संपूर्ण नकाशा, त्यावरील प्रत्येक किल्ला, घाट आणि नदीचा संगम, जवळजवळ शतकभर सुमारे चार किलोमीटर पूर्वेस सरकून बसला होता! देशातल्या देशात कोणाचे काही बिघडले नाही, कारण सगळेच एकत्र सरकले होते. कल्याणपूरचा रेखांश ७७ अंश ४१ मिनिटांच्या जागी ७७ अंश ३९ मिनिटे झाला. जुने नकाशे हाताळणाऱ्या संशोधकाने ही वजाबाकी आजही विसरता कामा नये.

आरंभरेषेचा निकाल त्याआधीच लागला होता. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी मतदान केले. बावीस मते ग्रिनिचला पडली, एक विरुद्ध गेले, फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. जगातील बहुतेक जहाजे तोवर ग्रिनिचचेच नकाशे वापरीत होती, आणि निर्णयाचे खरे कारण तेवढेच. शून्य रेषा निसर्गात कोठेही आखलेली नाही. ज्याचे नकाशे अधिक खपतात त्याच्या अंगणातून ती जाते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन तरुण शास्त्रज्ञांनी, विल्यम गाइयर व जॉर्ज वायफेनबाख यांनी, त्याच्या आवाजाच्या चढउतारावरून त्याची कक्षा काढून दाखविली. तेव्हा उलट प्रश्न निघाला. भूमीवरून उपग्रहाचे स्थान कळते, तर उपग्रहावरून भूमीवरचे स्थान का कळू नये? यातूनच पुढे १९७३ साली अमेरिकन संरक्षण खात्याने जीपीएस योजना हाती घेतली आणि १९७८ साली तिचा पहिला उपग्रह वर गेला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या या उपग्रहांत आहे तरी काय? अणुघड्याळे. प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत आणि मी अमुक ठिकाणी आहे. हा इशारा मोटारीपर्यंत येण्यास जो वेळ लागतो त्यावरून अंतर निघते. तीन अंतरांवरून स्थान निघावे. पण मोटारीतील घड्याळ स्वस्त आणि चुकार असते, त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. हॅरिसनने जहाजात नेलेले घड्याळ आता आकाशात टांगले गेले, एवढाच तत्त्वतः फरक. मात्र सूक्ष्मता किती वाढली पाहा! प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात तीनशे मीटर जातो. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार उपग्रहातील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल.

ही व्यवस्था सैन्यासाठी होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दीत शिरले, आणि सोव्हिएट लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडले. त्यातील सर्व २६९ माणसे मरण पावली. वैमानिकांना आपण शेकडो किलोमीटर आडवाटेस आहोत याची जाणीव नव्हती. याच महिन्यात अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी विमानांसही मोफत देण्याचे घोषित केले. देताना मात्र हात आखडता होता. नागरी इशाऱ्यात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत हलत असे. समुद्रावर शंभर मीटर क्षुल्लक, पण शहरात तेवढ्यात समांतर असे दोन रस्ते बसतात. जपानमध्ये १९८१ साली होंडाने उपग्रहाविना, वळण ओळखणाऱ्या यंत्रावर चालणारा मार्गदर्शक गाडीत बसविला होता आणि १९९० साली माझ्दाच्या युनोस कॉस्मो गाडीत जीपीएस आले. तरी सामान्यांच्या मोटारीत हे यंत्र घरोब्याने नांदू लागले ते २ मे २००० नंतर. त्या दिवशी ती हेतुपुरस्सर मिसळलेली चूक बंद करण्यात आली.

एवढा इतिहास पोटात घेऊन त्या दोन संख्या पडद्यावर उभ्या असतात. त्या वाचताना दोन सावधगिरी हव्यात. पहिली लेखनाची. यंत्र अंश-मिनिट-सेकंदांतही आकडा दाखविते आणि दशांशातही, आणि कोणती पद्धत ते यंत्रातच निवडता येते. पणजी १५ अंश ३० मिनिटे उत्तर, ७३ अंश ५० मिनिटे पूर्व. दशांशात हे १५·५० आणि ७३·८३ होते. एखाद्याने घाईने १५·३० आणि ७३·५० असे घातले, तर यंत्र निमूटपणे त्याला मडगावच्या अक्षांशावर, परंतु भर अरबी समुद्रात नेऊन ठेवील.

दुसरी सावधगिरी नकाशाची. एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार ठरविला तो भारतापुरता उत्तम जुळणारा होता. जीपीएसचा आकार साऱ्या पृथ्वीसाठी आहे आणि त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. त्यामुळे जुन्या भारतीय स्थलदर्शक नकाशावरचा बिंदू यंत्रात जसाच्या तसा घातला तर मध्य भारतात शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. एखादी विहीर वा शिलालेख शोधणाऱ्यास तो पुरेसा घातक. यात ग्रिनिचची प्रतिष्ठाही सुटलेली नाही. तेथील पितळी रेषेवर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाच्या यंत्रात शून्य येत नाही. ते १०२ मीटर पूर्वेस, उद्यानात येते.

परक्याच्या घड्याळावर आपली वाट किती काळ शोधावी, हा विचार अनेक देशांनी केला. भारताने १ जुलै २०१३ ते २८ एप्रिल २०१६ या काळात सात उपग्रह सोडले आणि त्या व्यवस्थेस ‘नाविक’ असे समर्पक नाव दिले. त्यांतील पहिल्याच उपग्रहाची परदेशातून घेतलेली तीनही अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह वर सुखरूप होता, इशारे देऊ शकत होता, पण वेळ सांगता येईना म्हणून स्थान सांगण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी २०१८ साली दुसरा पाठवावा लागला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहात भारतात बनविलेले अणुघड्याळ प्रथमच गेले.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली आणि १९२३ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार केलेली वेधशाळा अद्याप उभी आहे. तेथील सम्राट यंत्राच्या कडेवर सूर्याची सावली सरकते आणि उज्जयिनीची स्वतःची वेळ दाखविते. मनगटावरील घड्याळाशी ती जुळत नाही. जुळवावयाची तर तीत सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात, शिवाय ऋतूप्रमाणे काही मिनिटे अधिक-उणी. वेधशाळेबाहेर उभ्या मोटारीचा पडदा ७५ अंश ४६ मिनिटे दाखवितो. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंशांची. वजाबाकी ६ अंश ४४ मिनिटे, आणि अंशास चार मिनिटे याप्रमाणे २६ मिनिटे ५६ सेकंद.